गिरिजाची गाढ झोप

लातूर,
९ मे १९८३

ती. दानम्मा अक्कांना,
नीलाचे शरणु शरणार्थी.

पत्र बघून नवल वाटेल. दोन वर्षांत साधं कार्ड टाकलं नाही मी, आणि आज एकदम पाकीट. आम्ही सगळे बरे आहोत. गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि कचेरीबरोबर आमचंही बिऱ्हाड उस्मानाबादेहून इकडं आलं. तुमच्या भावाला मान वर करायला सवड नाही. फायली आल्यात, कपाटं अजून यायचीत. पाण्याचे हाल आहेत. टँकर आला की बायका पदर खोचून भांडतात, त्यात मी सगळ्यांच्या पुढं. माझं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे.

आता खरी बातमी. गिरिजाचं ऑपरेशन झालं. घाबरू नका, पोरगी खडखडीत आहे. नाकामागची वाढलेली गाठ आणि टॉन्सिल काढले, नांदेडला, माझ्या भावाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं. तीन आठवडे झाले, एकदाही अंथरूण ओलं नाही.

अक्का, नऊ वर्षांची पोर अंथरुणात मुतते म्हणून मी काय नाही केलं! तीळगूळ चारला, माहूरला नवस बोलले, दिवस मावळला की पाणी बंद केलं. चूळ भरताना ती चोरून घोटभर गिळायची, तेही मला खपायचं नाही. या दुष्काळात रोज वाकळ धुवायला पाणी कुठून आणू? एके दिवशी ओली वाकळ तिच्या डोक्यावर दिली आणि टँकरच्या रांगेत उभी केली. लाज वाटली की सवय जाईल, असं वाटलं मला. तिनं मान खाली घातली ती रांग संपेपर्यंत वर केली नाही.

आणि घरात तिच्या झोपेचं कौतुक! "ढोल बडवा, उठायची न्हाई. बापावर गेली, घोरती बघा कशी," म्हणून आम्ही हसायचो. घोरते म्हणजे सुखानं झोपते, असंच धरून चाललो होतो.

हसला नाहीत त्या तुम्ही एकट्याच. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात महिनाभर ती तुमच्याकडं उदगीरला होती, तेव्हा वाकळ शिवत तिच्या उशाशी बसून तुम्ही नीट बघितलंत. उताणी झोपली की घोरते, मधेच श्वास अडकतो, मग हुंदक्यासारखा परत येतो, आणि ज्या रात्री हे फार होतं त्याच रात्री अंथरूण भिजतं. जुन्या लुगड्यांच्या गठ्ठ्याला टेकून कुशीवर निजवली की बहुतेक कोरडी उठते. डॉक्टर म्हणाले, सगळ्याच पोरांचं असं नसतं, पण हिचं हेच होतं. श्वास अडकून झोप मोडते, ती पुरी होत नाही, आणि मग लघवीला जाग येत नाही. ते हे मोठमोठ्या पुस्तकांतून शिकले. तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत. मी मॅट्रिक, मला दिसलं नाही.

मी तिला न्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "नीला, पोरीला मारू नगं. आळशी न्हाई ती. झोपेत श्वास अडकून राहिलाय तिचा, डाक्टरला दाव." यात चिडण्यासारखं काय होतं? मला वाटलं, माझ्या पोरीत खोट काढली. मग मी जे बोलले ते तुम्ही विसरला नसाल. तुमच्या भावाला मी सांगितलं, अक्कांनीच बोलणं टाकलं.

फाल्गुनात गिरिजाला ताप आला म्हणून मी जागी होते. तिचा श्वास थांबलेला माझ्या डोळ्यांनी पाहिला. तुमचा शब्द न् शब्द आठवला. नांदेडला जाऊन तोच डॉक्टरांसमोर म्हणून दाखवला. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे ओळखलं कुणी? नजर फार बारीक आहे." मी म्हणाले, "मीच." "आई असावी तर अशी," ते म्हणाले, आणि मी ते घेतलं, अक्का. गिरिजा खाटेवर होती. घसा दुखत होता, बोलता येत नव्हतं. नुसती बघत राहिली. आवाज येऊन पंधरा दिवस झाले, अजून तिनं त्याबद्दल काही विचारलेलं नाही. मार खाऊनही ती अशी गप्प कधी राहिली नव्हती. मला ते सोसेना.

काल जेवताना सगळं सांगितलं. डॉक्टरांपुढं खोटं बोलले ते, आणि उदगीरला तुमच्या ओट्यावर चार बायकांसमोर म्हणाले होते तेही. "जिची कूस उजवली न्हाई, तिनं मला पोर वाढवायला शिकवू नये." तुमचे भाऊ ताटावरून उठून गेले. गिरिजा बसून राहिली. म्हणाली, "मग हे अक्काला लिही ना."

डॉक्टरांना आज कार्ड टाकलं: ओळखलं ते उदगीरच्या दानम्मांनी, मी नव्हे.

हे पत्र तुम्ही शेजारच्या गुरुबसप्पांकडून वाचून घ्याल. घरात बसून वाचून घेऊ नका. ओट्यावर बसा, त्या चौघींना बोलवा आणि गुरुबसप्पांना मोठ्यानं वाचायला सांगा. मी हळू बोलले नव्हते.

शाळा जूनपर्यंत बंद आहे. गिरिजाला पाठवू का? नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही. मी आणायला-सोडायला आले तर बाहेरच थांबेन.

तुमच्या गिरिजाची आई,
नीला