यमूचे केस आणि माझं तेल

गिरगाव, वैशाख वद्य तृतीया

आज मुलगी बघायला मंडळी आली. पहिली आली ती मुलाची आत्याच, मुलाच्या आईच्याही पुढे. घामाने निथळत होती, तरी बसायच्या आधी म्हणते, "मुलीला उजेडात आणा बघू." आणली माझ्या नातीला, यमूला. तर बयेने पदराचं टोक पाण्यात बुडवून पोरीचा गाल घासलान, काही फासलंय का बघायला! निघालं काय, तर सकाळी मी लावलेलं चंदन. मग म्हणते, "वेणी सोडा, आत गंगावन असेल, खोटे केस." आणि स्वतःच खसकन ओढलीन. यमूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण केस सुटले ते थेट गुडघ्यापर्यंत! काय सांगू, मला असं भरून आलं. माका, आवळा, वाळा घालून खोबरेल मीच कढवते ना. ऐन उन्हाळ्यात डोकं कसं गार राहतं.

मुलाच्या आईने केस हुंगले. "केस सुरेख हो, रंग मात्र सावळा. विचार करून कळवू." आणि त्याच दमात, "आजी, ते तेल देता का थोडं? आमच्या सुमीचे केस फार गळतात."

म्हणजे मुलीचा विचार करायचा, आणि तेल आजच? आणि मी तरी का दिलं? सोयरीक जुळेल या आशेने बाटली भरून दिली. मेला तो ओला पदर, पोरीचा गाल अजून लाल आहे. निजताना विचारते, "आजी, मी पसंत पडले का गं?" तेल पसंत पडलं, असं कसं सांगू तिला?

रविवारी परत येतो म्हणाल्या. मोठी बाटली घेऊन.