बुधीबाईंचं काचेचं कपाट

तलासरी
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप लहानूमामांस,

तुमच्या भाच्याचा, म्हणजे नारूचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळी ठीक. सोमीची खांदेदुखी थांबली आहे (डॉक्टरच्या गोळीने थांबली असं डॉक्टर म्हणतात, माझ्याशी दोन दिवस न बोलल्याने थांबली असं ती म्हणते). तुमचा गुडघा कसा आहे? रखमीमामींचा खोकला? वाडीतल्या चिकूला यंदा फळ बरं धरलंय असं तुषारकडून कळलं. हा तुषार म्हणजे आपल्या घोलवडहून चिकूच्या पेट्या नेणारा टेम्पोवाला. त्याच्याच हाती हे पत्र देतोय. त्याने ते वाटेत उघडून वाचू नये म्हणून चारी बाजूंनी गम लावलाय, तरी तुम्ही सांभाळून फाडा, नाहीतर मजकूर फाटेल. आणि तुषार स्वतःहून काही सांगू लागला तर त्याचं ऐकू नका. त्या कपाटाबद्दल तो भलतंच सांगत फिरतोय. खरं काय घडलं ते मी लिहितो.

गणपती उठले त्या आठवड्यात एक म्हातारी माझ्या कारखान्यात आली. (कारखाना म्हणजे तीच आपली पत्र्याची शेड. पण आता बाहेर बोर्ड लावलाय.) डहाणूच्या बाजारात बसणाऱ्या बुधीबाई. तुम्ही ओळखता. पापलेटाच्या भावात एक शब्द इकडेतिकडे होऊ देत नाहीत, त्या. दोन रिक्षा बदलून, गुडघे धरत एवढ्या लांब आल्या. मी म्हटलं, डहाणूत सुतार नाहीत का? तर म्हणाल्या, "आहेत. पण ते सगळे माझ्या ओळखीचे. विचारत बसतील."

त्यांनी पिशवीतून जाळ्याची नायलॉनची दोरी काढली. दोरीला जागोजागी गाठी. ही गाठ उंचीची, ही रुंदीची, ही पहिल्या फळीची, ही दुसऱ्या फळीची. सगळे कप्पे वेगवेगळ्या उंचीचे. एक वीतभर, एक त्याहून बुटका, एक हातभर. आणि उजव्या कडेला एक उभा कप्पा, नऊ इंच रुंद आणि चार फूट उंच. पुढे काचेची दारं. कुलूप नको. लाकूड चांगलं हवं. मी विचारलं, आत काय ठेवायचंय? तेवढं कळलं तर फळी किती जाडीची घ्यायची ते ठरवता येईल. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "कपाट करायला सांगितलंय रे सुतारा, तपास करायला नाही."

मामा, तुम्ही मला लाकूड शिकवलंत, पण गप्प राहायला काही शिकवलं नाहीत. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. चार फूट उंच आणि नऊ इंच रुंद असं माणसाच्या घरात असतं तरी काय? सोमी म्हणाली, उभी समई. मी म्हटलं, चार फुटांची समई देवळात असते. मग ती म्हणाली, बंदूक. (सोमीला मी टीव्ही कमी बघायला सांगितलंय.) डहाणूचा काचवाला धर्मेश, त्याच्याकडे मी काचा सांगायला गेलो, तर त्याने माझ्या कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "नारूभाई, आ मेडिकलनुं कबाट छे, लखी ले." (मेडिकलच्या दुकानाचं कपाट आहे, लिहून घे.) मी म्हटलं, अरे, मासळी विकणारी बाई या वयात मेडिकल कशाला काढेल? तर म्हणाला, उमर का नहीं, एरिया का सवाल है. याच धर्मेशने पुढे स्वतःच्या डोक्याने धुरकट, फुलाफुलांच्या काचा कापून पाठवल्या. का, तर घरातलं सामान रस्त्यावरच्या लोकांना कशाला दिसायला हवं. मी बुधीबाईंना फोन लावून विचारलं. पलीकडून एवढंच आलं, "दिसायलाच पाहिजे." आणि फोन बंद.

दिसायलाच पाहिजे! म्हणजे लपवायचं नाही, दाखवायचं आहे. पण विचारायचं नाही. मामा, मी त्या रिकाम्या कपाटासमोर स्टूल टाकून बसायचो आणि एकेका कप्प्यात मनाने एकेक वस्तू ठेवून बघायचो. काम मात्र मन लावून केलं. जुन्या दाराचा साग मिळाला होता, कोरडा ठणठणीत. सांधे सगळे खाचेचे, खिळा फक्त मागच्या प्लायला. बिजागऱ्या पितळेच्या, कारण खाऱ्या हवेत लोखंड चार महिन्यांत रडायला लागतं. हात फिरवला तर मांजर कुरवाळल्यासारखं वाटायचं.

मग ते डहाणूला न्यायचा दिवस. पॉलिशला ओरखडा नको म्हणून मी कपाटाला सोमीची हिरवी काठाची साडी गुंडाळली (तिला न विचारता, हे आता तिला माहीत आहे) आणि काचांच्या बाजूंनी चिकूच्या पेट्यांतलं गवत भरलं. तुषारने हायवेला गाडी घातली आणि विवळवेढ्याला आल्यावर म्हणाला, महालक्ष्मीचं दर्शन घेतल्याशिवाय मी काचेचा माल पुढे नेत नाही. तो आत गेला. मी कपाटाला धरून मागे उभा. पाचेक मिनिटांत एक बाई आली आणि साडी नेसलेल्या कपाटाला तिने हात जोडले. मी काही बोलायच्या आत दुसरी आली. तिसऱ्या माणसाने विचारलं, मूर्ती कुठून आणली? मी खरं सांगितलं, तलासरीहून, मीच घडवली. (पूर्ण खोटं नव्हतं.) त्यावर तो माझ्याच पाया पडला. तुषार परत येईपर्यंत कपाटापुढे दोन नारळ, झेंडूचा हार आणि एक आजारी कोंबडी होती. कोंबडी मी परत केली. तुषार जे सांगत फिरतोय ते हेच, फक्त त्याच्या गोष्टीत मी गाडीत बसून आशीर्वाद देत होतो. मी उभा होतो.

रानशेतच्या वळणावर गाडी इतकी कलली की मी दोन्ही हातांनी कपाटाला मिठी मारून डोळे मिटले. काच फुटली नाही. माझं कोपर फुटलं.

बुधीबाईंचं घर बाजाराच्या रस्त्यालाच आहे, ओटी रस्त्याकडे उघडी. चौघांनी कपाट उतरवलं, ओटीवर नेलं आणि ते तुळईखाली जाईना. तीन इंच उंच! मी टेप लावला. माझं माप बरोबर. त्यांनी दोरी लावली. त्यांचंही बरोबर. मग लक्षात आलं. बुधीबाईंनी माप घेताना दोरी सैल सोडली होती आणि मी, तुमच्या शिकवणीप्रमाणे, ताणून मोजली होती. नायलॉन ताणलं की वाढतं, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सगळी आळी जमली. शेवटी कपाट आडवं घातलं, आणि ज्या पायांना मी दोन दिवस घासून गोलाई दिली होती ते चारही पाय तीन-तीन इंच कापले. करवत मी चालवत होतो आणि सल्ला बायका देत होत्या.

कपाट उभं राहिलं. बसलं ते असं, जणू त्या भिंतीतच उगवलंय. बुधीबाईंनी एकदा वरून खाली पाहिलं, "बरं आहे" म्हणाल्या आणि सुनेला हाक मारली. जयश्री आतून एकेक पेटारा ओढत आणू लागली. मला कोणी थांबा म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मी हत्यारं पुसत बसलो. एकच पटाशी मी सात वेळा पुसली.

पहिल्यांदा निघाल्या छत्र्या. अकरा. मग चष्मे, सात. स्टीलचे डबे. डाव्या पायाची एकच चप्पल. इस्त्री. कोणाच्या तरी लग्नपत्रिकांचा न वाटलेला गठ्ठा, दोरीने बांधलेला (त्या लग्नाला आलं तरी कोण असेल?). आणि सगळ्यात शेवटी जयश्रीने एक लाकडी कुबडी आणली आणि उजव्या कडेच्या उभ्या कप्प्यात ठेवली. चार फूट, नऊ इंच. अगदी मापात बसली.

लोकांनी बुधीबाईंच्या मासळीच्या पाटीजवळ विसरलेल्या वस्तू, मामा! चाळीस वर्षांच्या! मासळी घ्यायची तर कल्ला उघडून बघावा लागतो आणि त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून माणूस हातातलं खाली ठेवतो, असं त्यांनी मला समजावलं. मग भावावरून वाजतं, रागात नाहीतर आनंदात तो निघून जातो आणि वस्तू राहते. त्यांनी त्यातली एकही टाकली नाही. मी विचारलं, मग आत्ताच कपाट कशाला? त्या गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाल्या, "डॉक्टरने बाजारात बसायचं बंद करायला सांगितलंय. दिवाळीनंतर माझी जागा दुसरी कोणी घेईल. मग आपलं विसरलेलं मागायला कोणी आलं, तर त्याने बघायचं कुठे?"

एवढ्या दिवसांत माझ्या मनात बंदूक, मेडिकल, देवी सगळं येऊन गेलं, पण हे आलं नव्हतं. मला जरा लाजच वाटली.

आणि त्याच दुपारी गंमत झाली. रानशेतची संगीता नावाची एक बाई सुके बोंबील घ्यायला निघाली होती, ती काचेसमोर थांबली ती हलेचना. आत एक पिवळं लोकरीचं टोपडं होतं, अर्धवट विणलेलं, सुया तशाच. ती म्हणाली, ते माझं आहे. बुधीबाईंनी तिला वर बोलावलं, आणि कोर्टात विचारतात तसं विचारलं, "यातली कुठली सुई वाकडी आहे?"

"डावी," ती म्हणाली. "सातवा महिना होता मला. मी चुकून सुईवरच बसले होते."

बुधीबाईंनी दार उघडलं. (आवाज नाही, मामा. जरासुद्धा नाही.) टोपडं तिच्या हातात दिलं. जिच्यासाठी ते विणायला घेतलं होतं ती मुलगी आता दहावीला आहे म्हणे. संगीताने टाके मोजले, पायरीवर बसली आणि तिथल्या तिथे एक ओळ विणून मगच उठली. बोंबील घ्यायला विसरली. बुधीबाई ती गेली त्या वाटेकडे बघत राहिल्या आणि पदराने काचेवरचा तिच्या बोटांचा डाग पुसून म्हणाल्या, "एक गेलं." इतकं समाधान मी माणसाच्या तोंडावर लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

पण माझी झोप आता त्या कुबडीने घेतली आहे. कुबडी विसरून माणूस घरी गेला कसा? मी विचारलंच. बुधीबाई म्हणाल्या, एक दाढीवाला कुबडी टेकत आला, दोन हलवे मासे घेतले, एक या हातात आणि एक त्या हातात, आणि गेला. कसा गेला? चालत. लंगडत? "मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत होते रे." तुमच्या पाहण्यात असा कोणी दाढीवाला असेल तर जरूर कळवा.

बाकी सर्व क्षेम. रखमीमामींना माझा आणि सोमीचा नमस्कार. लहानांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, देवीच्या मूर्तीचं मात्र सांगू नका.

तुमचा भाचा
नारू

ता. क. खालून दुसऱ्या कप्प्यात एक छोटा रंधा आहे. मुठीला "ल" कोरलंय. सहा वर्षांपूर्वी मी तुमचा रंधा हरवला म्हणून तुम्ही चारचौघांत मला बोललात आणि तेव्हापासून तलासरीला पाऊल टाकलं नाहीत, तोच. बुधीबाईंना तो दिवस तोंडपाठ आहे. तुम्ही सुरमईचा कल्ला बघायला तो खाली ठेवलात आणि सुरमई शिळी आहे असं म्हणून तरातरा निघून गेलात. (सुरमई ताजी होती, हे कळवायला त्यांनी मुद्दाम सांगितलंय.) मी मागितला, तर देत नाहीत. ज्याचा त्यानेच यायचं आणि कसा विसरला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असा तिथला नियम आहे.

ता. क. दुसरा. रंध्यासाठी येणं तुम्हाला जड जाईल, हे मी समजू शकतो. म्हणून कळवतो की त्या कपाटाचं उजवं दार परवापासून दोन सूत, म्हणजे चांगलं पाव इंच, खाली आलंय आणि फळीला घासतंय. मला काही ते जमत नाही. (अजून हात लावून बघितलेला नाही.) येणारे-जाणारे विचारतात, हा सुतार शिकला कोणाकडे? मी तुमचं नाव सांगतो. गुरुवारी सकाळी तुषारचा टेम्पो तुमच्या दारावरून डहाणूला रिकामा जातो.