गालिच्यावरची बंदूक

एसेनकुल मास्तर,

माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा तू, पण नेमबाजीच्या मैदानावर चारचौघांत मला हाकललंस. नेम बरोबर लागला म्हणून मी हातातल्या बंदुकीसकट मागे वळले, तर तू ओरडलास, "आपा, नळी निशाण्याकडे! आज पुरे, घरी जा." तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी घरी आले. त्याच रागात परसात डबा ठेवून बार काढले आणि बंदूक आमच्या रीतीप्रमाणे बैठकीतल्या भिंतीवरच्या गालिच्यावर टांगली.

रविवारी पाहुणे जेवायला होते. माझा दीर झुमाबाय, पोटात मटण आणि अंगात मस्ती, त्याने ती खाली काढली. समोर माझी नात आयपेरी चहा ओतत होती.

"ठेव ती जागेवर," मी म्हटलं.

"वहिनी, रिकामी आहे. भिंतीवरची बंदूक चावते काय?"

"रिकामी असली तरी भरलेलीच समज, गाढवा!"

बोल तुझे होते मास्तर, गाढव तेवढा माझा. मी नळी जमिनीकडे दाबली, बंदूक हिसकावून उघडली, तर आतून काडतूस घरंगळलं.

सगळे झुमाबायवर तुटून पडले. मी वाकून ते खिशात टाकलं. ते काडतूस माझं होतं.

आता बंदूक लोखंडी पेटीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात. गालिच्यावर नुसता खिळा उरलाय.

हे पत्र तुला धाडायची नाही, तू ते मैदानावर मोठ्याने वाचशील. पण उद्या तुझ्यासाठी कणकेचे बोरसोक आणते. आयपेरीच तळणार आहे. कशाबद्दल ते विचारू नकोस, गरम आहेत तोवर खा.

तू हाकललेली,
बुरुलआपा