आमसुली इंजिन कोणाचे

मी, मालिनी गुरुनाथ खोपकर, वय वर्षे अडुसष्ट, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र माझ्या डायनिंग टेबलाशी बसून, कोणाचेही दडपण नसताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि मन बदलले नाही तर शेवटचे.

१. राहते घर माझा मुलगा नकुल याला द्यावे. तो सनीव्हेलला असतो, म्हणजे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त मागच्या बागेतले रूळ पाहून एजंटने नाक मुरडले, तर दुसरा एजंट बघावा.

२. बँकेतली शिल्लक निम्मी नकुलला आणि निम्मी नात आन्याला, हव्या त्या शिक्षणासाठी. “त्याने जॉब मिळेल का?” असे तिला कोणी विचारू नये. सुंदर हस्ताक्षरासाठी मला कॉन्व्हेंटमध्ये मिळालेले पदकही आन्यालाच द्यावे. तिचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पदक समोर राहिले तर थोडी लाज वाटेल.

३. आईची मोहनमाळ सून राधिका हिला. ती सोने घालत नाही. मोडून काही दुसरे केले तरी माझी हरकत नाही, मात्र लॉकरमध्ये कोंडून ठेवू नये.

४. इंजिन. खरे तर या एका कलमासाठी मी कागद हातात घेतला. बाकीचे माझ्यामागे आपोआप वाटले गेले असते. इंजिन चुकीच्या हाती गेले तर त्याची वाफ कायमची जाईल.

माझे वडील, जगन्नाथ सबनीस, मोंबासा-नैरोबी मार्गावर गॅरट जातीच्या वाफेच्या इंजिनाचे चालक होते. पुढे चाके, मागे चाके आणि मधे टांगलेला भलामोठा बॉयलर. वळणावर ते धूड अंगात हाड नसल्यासारखे वळे. रंग आमसुली, आणि नावे आफ्रिकेतल्या डोंगरांची. प्रत्येक चालकाची शिटी वाजवण्याची आपली लकब असे. बाबांची शिटी लांब निघून शेवटी प्रश्न विचारल्यासारखी वर जाई. ती ऐकू आली की क्वार्टरमध्ये आई पोळ्या लाटायला घेई, आणि कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या आयरिश सिस्टर खडू खाली ठेवून म्हणत, “मालिनी, युअर फादर इज होम. नाउ ब्रिंग युअर माइंड होम टू.” दसऱ्याला बाबा इंजिनाला झेंडूची माळ घालीत. त्यांचे फायरमन ओटिएनो विचारीत, “हिला हार, मग मला काय?” त्यांना आई श्रीखंडाचा डबा देई. इंजिनापेक्षा त्यांचाच दसरा चांगला होई.

मग डिझेल आले. “हे चालवणं म्हणजे हपिसात बसणं,” बाबा म्हणाले. “खुर्चीसुद्धा दिलीय मेल्यांनी!” हळूहळू आमसुली इंजिने यार्डात ओळीने गंजत उभी राहिली आणि भंगारात गेली. नैरोबीच्या म्युझियममध्ये थोडी उरली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मी गुरुनाथांना तिथे घेऊन गेले. मी इंजिनाला हात लावून रडत होते आणि हे मेकॅनिकल इंजिनिअर खिशातून टेप काढून चाके मोजत होते.

“माझं बालपण उभं आहे इथे, आणि तुम्ही मापं काय घेताय?”

“मापं घेतल्याशिवाय शिवणार कसं?”

त्यानंतर कित्येक हिवाळे आमची गाडी बाहेर बर्फात राहिली, कारण गॅरेजमध्ये इंजिन होत होते. मोठ्या माणसाला मागे बसवून बागेला फेरी मारणारे, खऱ्या वाफेवर चालणारे, आमसुली. दर दसऱ्याला ते पेटते. गुरुनाथांना जाऊन आता चार वर्षे होतील, पण एकही दसरा चुकलेला नाही. आम्ही अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे दसरा जवळच्या शनिवारी करतो, तो भाग वेगळा.

इथे काही जुने हिशेब मिटवते. शेजारचे उल्हास देवस्थळी दरवर्षी विचारतात, “वहिनी, कोळसा कुठे टाकायचा?” भावजी, बाबांची इंजिने तेलावर चालत, आणि हे गॅसवर चालते. आता हे कायदेशीर कागदावर आले आहे.

माझी नणंद नंदा, वूस्टरच्या लॅबमधून निवृत्त झालेली. माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्सं म्हणते. हे गेल्यापासून इंजिन पेटवले की वन्सं स्वयंपाकघरात जाऊन खिडकी लावून घेतात. “वास येतो,” म्हणतात. त्याचा मला राग आहे.

आणि नकुल. त्याने फोनवर सांगितले, “आई, मी बॅटरी टाकून घेतो ना. सेम लुक, झिरो कटकट. आवाजासाठी स्पीकर.”

“मग मी गेल्यावर माझ्या फोटोलाही स्पीकर लाव.”

“आई, यू आर सो ड्रमॅटिक!”

तो गुणी आहे, माझ्यावर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या हाती हे इंजिन देता येत नाही. म्हणून ~~इंजिन कनेटिकटमधल्या वाफेच्या हौशी क्लबला द्यावे. अटी: बॅटरी लावू नये, काचेच्या पेटीत ठेवू नये, दसऱ्याला पेटवावे, आणि~~

वरच्या ओळी मीच खोडल्या आहेत. कारण लिहिते. आज सगळे दसऱ्याला जमले होते, म्हणून साक्षीदार म्हणून मी वन्संना आणि उल्हास भावजींना टेबलाशी बोलावले. वन्संनी पेन उघडले आणि मिटले.

“वहिनी, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही ना?”

“नाही. इथला कायदाच आहे तसा.”

“मग मी सही करत नाही.”

“का? तुम्हाला काय हवंय? मोहनमाळ राधिकाला लिहिली मी.”

“मोहनमाळ राहू दे. इंजिन क्लबला देताय ना?”

“तुम्हाला इंजिन? खिडकी लावून घेता तुम्ही!”

“वासच येतो ना!” वन्सं ओरडल्या. “दादाच्या स्वेटरचा वास. गॅरेजमधून आला की यायचा, तोच. तुमच्यासाठी ते आफ्रिकेचं असेल, वहिनी. माझ्यासाठी त्याचा एकेक स्क्रू माझ्या भावाच्या हातचा आहे. आणि तुम्ही ते कनेटिकटच्या लोकांना देणार? न विचारता?”

उल्हास भावजी म्हणाले, “मी जरा चहा टाकतो.” इतक्या वर्षांतले त्यांचे सर्वांत समजूतदार वाक्य.

मला माझ्या बाबांचेच इंजिन दिसत होते. ते वन्संच्या दादाचेही आहे, हे चार वर्षे एकत्र दसरा करूनही मला सुचले नाही. मी विचारले, “चालवाल?”

“शिकवाल तर.”

“मी गेल्यावर कशी शिकवू?”

“मग आजच शिकवा. अजून उजेड आहे.”

म्हणून कलम ४ असे वाचावे: आमसुली इंजिन, रूळ आणि गॅरेजमधली सर्व हत्यारे माझी नणंद नंदा हिला द्यावीत. अट एकही नाही. पुढे कोणाला द्यायचे ते वन्संनी ठरवावे. नकुल, तू येऊन नंदा आत्याच्या मागे बसून फेरी मार. स्पीकर आणू नकोस.

५. मृत्युपत्राची अंमलबजावणी नकुलने करावी. त्याला ही कामे चांगली जमतात.

६. साक्षीदारांच्या सह्यांजवळ जे काळपट डाग आहेत त्यांबद्दल. वन्संनी पहिल्याच धड्यात बॉयलरमध्ये पाणी जास्त भरले आणि शिटी ओढली. शिटीतून आधी पाणी उडाले, मग आवाज आला. साक्षीदार आणि कागद दोघेही जवळ उभे होते. कोर्टाने ही खाडाखोड समजू नये. वन्सं पुन्हा ओढायला गेल्या आहेत, म्हणून इथेच थांबते.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. दोघांनाही यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांनी हसत मान्य केले.

(सही) मालिनी गुरुनाथ खोपकर

साक्षीदार: (सही) उल्हास देवस्थळी
साक्षीदार: (सही) आश्लेषा उल्हास देवस्थळी. साडी भिजली, पण शुद्धीत सही केली.

स्थळ: मागची बाग, श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५, शनिवार, आमचा दसरा