आधी नमुना, मग सुई

मानोरा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवीस आईचा जय भीम.

इकडे सगळे बरे. तुरीची मळणी आटोपली. तुझ्या भावाला, प्रसेनजितला सर्दी आहे, पण जेवतो भरपूर. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

तुझी वहिनी सपना आता हिंडतीफिरती आहे. काल ठेचा मागितला, मी दिला नाही, तर रुसली. सातव्या महिन्यातली पोर रुसण्याइतकी बरी झाली, याचा मला केवढा आनंद!

मागच्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा येऊ लागल्या. लघवीला आग होते, हे ती लाजेनं सांगत नव्हती. तुझ्या काकांनी गावातल्या डॉक्टरांना आणलं. ते सुई भरू लागले, तशी मी आडवी आले. "आधी लघवी तपासाले घ्या, मंग सुई."

काका तडकले. "वहिनी, पोरगी थरथरून राह्यली अन् तुमाले तपासणी सुचून राह्यली?"

शेजारच्या ललिताबाई धावत आल्या, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन. "राखेनं घासली, चकाचक!"

मी म्हटलं, "अवं, मंग बाटलीतलेच जंतू उगवतीन, अन् आपण त्याईलेच औषध देऊ!" एवढ्या तापातही सपना हसली.

रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निर्जंतुक डबीत नमुना घेतला आणि लगेच सुई दिली. डबी वाशिमच्या लॅबला गेली.

अहवाल आणायला मीच गेले. लॅबमधल्या वैष्णवी नावाच्या पोरीनं जंतू वाढवायची तबकडी दाखवली. तिच्यावर गुलाबी ठिपके उगवले होते. मग सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर इवल्या गुलाबी काड्या.

"मावशी, ई. कोलाय."

"ग्रॅम-निगेटिव्ह," मी म्हटलं. "रंगात गुलाबी दिसतात, आतड्यात राह्यतात."

तू माळ्यावर टाकून गेलीस ना, त्या पुस्तकात वाचलं होतं मी. आतड्यात निमूट राहणारा जंतू वाट सोडून पार मूत्रपिंडापर्यंत चढला होता. पहिलं औषध त्याला लागू नाही, दुसरं लागू आहे, असं अहवालात होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं आणि ताप उतरला. पोटातलं बाळही लाथा मारतंय.

आता जे निघालं की तू फोन ठेवतेस, ते. बाबांच्या रक्तात काहीच उगवलं नव्हतं. ते गेल्यावर जलदानाच्या विधीदिवशी काका चारचौघांत बोलले, "लॅबवाली पोरगी असून बापाचा ताप वळखता आला नाही." तेव्हापासून तू लॅबचं काम सोडलंस आणि अकोल्यात साड्या विकतेस. पोरी, ते रक्त तुझ्या हाती आलं तेव्हा त्यात आठवडाभराच्या जंतू मारणाऱ्या सुया होत्या. उगवणार काय? तू चुकली नव्हतीस. सुईआधीच्या नमुन्यात जंतू उगवतात, हे पूर्वी वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी माझ्या हातून अजून बाबांचं ताट काढलं जातं. मग परत ठेवते. ते तसंच चालणार.

काल काका दारात येऊन उभे. लघवीला आग होते म्हणे. "वहिनी, डबी कोन्ती आणू?"

म्हटलं, "पल्लवीले विचारा. मी तिच्याच पुस्तकातून शिकली."

चपला काढून आत आले. मग तुझा नंबर मागितला. फोन येईल, उचल. पुस्तक पुसून ठेवलं आहे, न्यायला ये.

तुझ्या विद्येनं जिचं नातवंड वाचलं, ती
तुझी आई
वच्छला ग्यानबा