माणिकबाईच्या मापाची खुर्ची

सगळ्यात पहिले आले ते तुझे व्याही नत्थुजी. तुझा गजेंद्र गाडी सावलीत लावून राहिला होता, तोवर हे सरळ आंगणात, अन् मी "बसा" म्हणाच्या आत बसले बी. घरी येऊन त्यायनं तुले काय सांगतलं मले माहीत नाही, म्हणून खरं काय झालं ते लिहून राहिली. (फोनवर सांगतलं असतं, पण तुझी सून स्पीकर लावते, अन् नत्थुजी तर तिचेच वडील.) अवं, नमस्कार राह्यलाच. माणिकबाईले धाकट्या गोदाचं पाया पडणं. आमी बरे आहो. तुझे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, सगळं रामायण त्याच्यावरूनच आहे.

गुडघे गेले तवापासून तू पातूरले आली नाही. गजेंद्र म्हणते, मावशी, तुमच्या संडासात उकिडवं बसा लागते, माय बसली तर उठन कशी. त्याचंही खरं आहे. पण अकोल्याच्या जठारपेठेतून पातूर काही काशी नाही बाई. (मी तिकडं याचं म्हटलं तर तुमच्या चौथ्या माळ्यावर मले गरगरते.) माय गेली, भाऊ गेला. आता आखाजीच्या सणाले तुले माहेर मी, अन् मले तू.

माहा नातू रोहित अमरावतीले राजापेठेत एका क्लासात कॉम्प्युटरवर बसे. तो क्लासच बंद पडला, तवापासून घरी आहे. काम नसलं की लोकं झोपतात, हा घराच्या मागं लागला, अन् तेही रुपया न लावता. मोरीचं पाणी पालकाले वळवलं. (माह्या आंघोळीचा पालक शेजारची जयवंता रोज घेऊन जाते, तिले सांगू नको.) कंपाउंडरले मागून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, अन् काठ्या रोवून वांग्याच्या झाडायवर टांगल्या. थेंब थेंब पाणी पडते, पाण्याची बचत होते म्हणे. जयवंता कुंपणावरून विचारते, गोदाबाई, वांगे कवा ॲडमिट केले, सुटी कवा होईन. मी म्हटलं, तुह्यासारखे भेटाले येणारे असले तर लवकर होत नाही बाई.

मंग मीच रोहितले म्हटलं, बापू, वांग्यासाठी एवढं करतं, माह्या बहिणीसाठी काही कर. त्यानं हात मोडलेली प्लास्टिकची खुर्ची काढली. इळा चुलीत लाल केला. बसाच्या जागी गोल कापाचं अन् खुर्ची संडासाच्या भांड्यावर ठेवाची, म्हणजे तुले गुडघे मोडाचं कामच नाही. त्यानं माप विचारलं, तर मी दोन्ही हात पसरून दाखवलं. माह्या डोळ्यापुढं तू तशीच आहे ना बाई, आखाजीच्या झोक्यावर बसली की निंबाची फांदी करकरे तशी. त्यानं परात उलटी ठेवून गोल आखला अन् कापला. खुर्ची धुतली, आंगणात वांग्यायपाशी वाळाले ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याले भोक दिसू नये म्हणून मी वरून टॉवेल हातरला.

नत्थुजी त्याच टॉवेलवर बसले. बसले म्हणजे गेले. गुडघे छातीले लागले, चपला आभाळाकडं. वरून वांग्याची बाटली टकलावर ठिबकून राहिली. जयवंता तिकडून म्हणते, यायलेही लावली का वो. रोहितनं बगलेत धरून ओढलं, तर व्याही खुर्चीसकट उठले, अन् तसेच तुळशीपर्यंत चालत गेले. (चालण्यातला रुबाब मात्र सोडला नाही, हे सुनेले जरूर सांग.)

गजेंद्र पोट धरून हासला. मंग खुर्ची हातात घेऊन त्यानं ते भोक पाह्यलं, अन् त्याचं हासू गेलं. म्हणे, मावशी, हे कोणाच्या मापाचं केलं. माय आता एवढी नाही राह्यली. अर्धी बी नाही. ती यातून आरपार जाईन.

मी चहा ठेवाले अंदर गेली, अन् बराच वेळ अंदरच राह्यली.

चहा नत्थुजी उभ्यानंच प्याले. पण माणूस भला आहे. जाताना म्हणे, भोक तेवढं लहान करा, बाकी युक्ती बरी आहे, मी बसून पाह्यली.

ता. क. रोहित दुसरी खुर्ची करून राहिला. सुतळीनं तुझं माप घेऊन पाठव. सुनेले माप घेऊ देऊ नको, तिच्या बापाचं दुखणं ताजं आहे. अन् माप घ्याच्या आधी चार दिवस तूप-पोळी खा.

ता. क. आणखी. रोहितले पुण्याहून फोन येऊन राहिले. वाजला की माह्या मनात येते, देवा, लागू दे पोट्ट्याले काम. लगेच दुसरं येते, माणिकबाई येऊन जाऊ दे पहिले. तो गेला की या घरात मी अन् वांगे. म्हणून गजेंद्रले चार दिवसाचं सांग, अन् पाऊस लागेपर्यंत पुरतील एवढे लुगडे बांध.

ता. क. शेवटचं. तुले आणतो का नाही, ते गजेंद्र बोलला नाही. गाडीची मागची सीट पुरी खाली होती, मी काचेतून वाकून पाह्यली. आखाजीच्या आदल्या दिवशी, शनिवारी परत येतो म्हणून गेले आहेत दोघं.