मशीन चालू, कुंदन बंद

नाशिक, शुक्रवार

ती. कोंडाजी दाजींना,

कुंदनचा वाकून नमस्कार. ताईची कंबर कशी आहे? भातलावणी उरकली का? मी मजेत आहे असं आईला कळवलंय. तुम्हाला खरं लिहितो. (फोनवर पाठवलं तर ताई वाचेल, म्हणून शाळेच्या पत्त्यावर कागदी पत्र.)

गंगापूर रोडच्या ज्या रक्ततपासणी लॅबमध्ये मी सर्व्हर सांभाळतो (सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे रिपोर्ट साठवणारा मोठा कंप्युटर, ताई समजते तसं मी तिथं जेवण वाढत नाही), तिथं मंगळवारी सकाळी सातला लाइट गेली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला. चार मिनिटांनी लाइट आली, मी बटण दाबलं. पण असा अचानक बंद पडला, की तो उठल्याबरोबर आधी स्वतःची डिस्क तपासत बसतो आणि तोवर कुणालाही आत घेत नाही. पडद्यावर एक टक्का. अर्ध्या तासानं अठरा टक्के. बाहेर उपाशीपोटी आलेले चाळीस पेशंट. त्यातल्या पंचवटीच्या विठाबाई (वय सत्त्याहत्तर) काचेवर काठी आपटून म्हणाल्या, "अरे, माझी साखर तपास ना, त्या डब्याचं काय तपासत बसलास?" मी फक्त रडायचा बाकी होतो.

दहाला दहा कमी असताना सर्व्हर एकदाचा कामाला लागला. मॅनेजर संतोष सर म्हणाले, मशीन किती वेळ चालू आहे ते बघ. बघितलं. मशीन म्हणालं, पावणेतीन तास! मी समजावलं, की ते घड्याळ मशीनला जाग आल्यापासून मोजतं, डिस्क तपासण्याचा वेळही त्यातच धरतं. जाग आली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे मशीन चारच मिनिटं बंद होतं. बाकीचा वेळ तू बंद होतास."

मालकांना तसंच कळवलं गेलं. काल माझ्या हातात कागद आला: पेशंटचा खोळंबा तुमच्या निष्काळजीपणामुळे झाला, मान्य आहे का? दाजी, मी रात्री जेवलोही नाही. तुम्ही मास्तरकीत असले चार-पाच कागद पचवलेत. खुलासा कसा लिहायचा तेवढं सांगा, नाहीतर नोकरी गेलीच.

साक्षीला गोड पापा.

तुमचा,
कुंदन

ता.क. खुलाशाचं राहू द्या. पाकीट चिकटवतानाच सरांनी बोलावलं. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'मान्य आहे'च्या खाली सही करून आलो.

ता.क. २. तुमच्या आश्रमशाळेत लिपिकाची जागा निघणार होती ना? तिथं अजून कंप्युटर आलेला नसेल तर लगेच कळवा. आला असला तरी कळवा.